बारा बाय नऊचं ताट

त्या वर्षी एका अपडेटनंतर माझा कॉम्प्युटर अचानक माझ्या वयाचा मान ठेवू लागला. अक्षरं मोठी झाली, पडद्यावरची चिन्हं गुबगुबीत झाली आणि चष्मा न शोधता मला तुमच्या आईची पत्रं वाचता येऊ लागली. मी वहीत नोंद केली: 'अपडेट केलं. अक्षरं मोठी झाली. उत्तम.'

ही कॉम्प्युटरची वही. पाण्याची वही वेगळी होती, कारण ते दुष्काळाचे दिवस होते. नाथसागर धरणाचा तळ दिसू लागला होता आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. शहराला त्याचं काही नव्हतं. कॉलनीच्या मागे ज्वारीचं शेत होतं, तिथे तीन इमारती उभ्या राहत होत्या. चोवीस तास पाणी, असं त्यांच्या पाटीवर रंगवलं होतं. तुमचे आजोबा रोज फिरायला जाताना त्या पाटीला नमस्कार करायचे.

कॉम्प्युटर तुमच्या आईचा. कॅनडाला जाण्याआधी तिनंच त्यात लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली घालून दिली होती. जुन्या मशीनला झेपेल आणि व्हायरसची कटकट नाही, असं म्हणाली. दर रविवारी संध्याकाळी, तुमच्याकडे सकाळ असायची तेव्हा, त्याच पडद्यावर तुम्ही भेटायचात.

तुमच्यातली थोरली तेव्हा सात वर्षांची होती आणि धाकटे महाराज पाळण्यात. नव्या देशात गेल्यापासून थोरलीचं जेवण तुटलं होतं. शाळेचा डबा तसाच परत यायचा. आजार काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवटी तुमच्या आईनं विचारलं, "आई, तीन महिने येशील का?"

मी लगेच हो म्हटलं नाही, हे आज लिहून टाकते. मी गेले तर पाणी कोण भरणार? आजोबांचे गुडघे त्यांना गच्चीवरच्या टाकीपर्यंत जाऊ देत नव्हते. नळ आला की मोटर लावायची, टाकी बघायची, मग पिंप, मग हंडे, असा सगळा क्रम माझ्या डोक्यात होता. मी म्हटलं, बघते.

आणि अपडेटनंतरच्या पहिल्याच रविवारी थोरली पडद्यावर आली ती भरल्या गालांची, गोल दंडांची. मला तर भरूनच आलं.

"अगं, पोरीनं अंग धरलं की!" मी म्हटलं.

"कुठे गं आई, आहे तशीच आहे," तुमची आई म्हणाली.

आता आपल्याकडे मूल भरलंय असं कोणती आई कबूल करते? दृष्ट लागेल म्हणून ती 'कुठे काय, काडी झालीय' असंच म्हणणार. तिनं नाही म्हटलं, त्यानंच माझी खात्री पटली. कॉल संपण्याआधी मी मीठ-मोहऱ्या आणल्या आणि पडद्यासमोर ओवाळून थोरलीची दृष्ट काढली.

"मीठ कीबोर्डात पडू देऊ नकोस," आजोबा मागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या आईला लिहिलं: 'पोर आता छान दिसते आहे. येण्याची घाई नको. पुढच्या वर्षी बघू.' तिचं उत्तर एका शब्दाचं आलं: 'बरं.'

नंतरच्या रविवारी थोरली जेवत होती. जेवण झाल्यावर तिनं रिकामं ताट कॅमेऱ्यासमोर उभं धरलं आणि ओरडली, "आजी, संपवलं!" ते स्टीलचं ताट मीच गुलमंडीच्या बाजारातून घेऊन दिलं होतं. दुकानात चार ताटं उलटी ठेवून, कोणतं डगमगत नाही ते बघून निवडलेलं. अस्सल गोल ताट. पडद्यावर मात्र ते पसरट होतं, एखाद्या परातीवर कोणी बसल्यासारखं.

"तशीच धर, हलू नकोस," मी म्हटलं आणि फूटपट्टी आणली. आडवं बारा सेंटिमीटर. उभं नऊ.

मी फूटपट्टी खाली ठेवली. ताट खोटं बोलणार नाही. म्हणजे पडदा खोटं बोलत होता. बारातले तीन सेंटिमीटर खोटे होते, ताटाचेही आणि थोरलीच्या गालांचेही.

"मग कोपऱ्यातल्या चौकोनात तू जाड दिसतेस ती?" आजोबांनी विचारलं.

"तीही खोटीच."

"ती खरी असेल," ते म्हणाले आणि पेपरच्या मागे गेले.

मी वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: अक्षरं मोठी झाली, उत्तम. तारीख थोरली 'भरली' त्याच्या तीन दिवस आधीची. मॉनिटरच्या खोक्यातला कागद मी जपून ठेवला होता. त्यावर पडद्याचं खरं माप छापलेलं होतं, १३६६ बाय ७६८. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर तिथे फक्त दोनच मापं होती, १०२४ बाय ७६८ आणि त्याहून लहान. खरं माप यादीतूनच गायब. चौकोनी चित्र ओढूनताणून रुंद पडद्यावर बसवलं जात होतं.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं टायपिंगचं छोटं दुकान आहे. माहेर खुलताबादकडचं, घरची मेंढरं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात म्हणून त्यांनीही दुकानात लिनक्सच घातलेलं. मी ताटाचं चित्र मापांसकट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्या इतक्या हसल्या की टायपिंगला बसलेल्या दोन मुली वळून बघायला लागल्या.

"काकू, पडद्यावर बघून नात जाड झाली म्हणून खूश झालात व्हय?"

"दिसत होतं ना तसं."

"आमच्यात मेंढरू घेताना कुणी नुसतं बघून घेत नाय. लोकरीत लई फसवणूक असती. पाठीवरून हात फिरवायचा, हाडं लागली की समजायचं."

मला हसता आलं नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. "संध्याकाळी येते," त्या म्हणाल्या, "पण टाइप तुम्हीच करायचं. इंग्लिश तुम्ही वाचा, काय करायचं ते मी सांगते."

त्या आल्या तेव्हा कॉलनीचा टँकर यायचा होता. त्यांनी आधी मला समजावलं. पडद्यावर चित्र काढायला मशीनमध्ये एक कार्ड असतं. त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माझा ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीचा होता. अपडेटनं लिनक्सचा गाभा नवा आणला, तो जुन्या ड्रायव्हरला मानवला नाही आणि ड्रायव्हर गप्प बसला. मग मशीननं कसंबसं चालेल असं माप लावून दिलं.

"टँकरच्या ड्रायव्हरचंही असंच काहीतरी झालं असेल," आजोबा खिडकीतून म्हणाले.

"काका, तुम्ही रस्त्याकडं बघा," बाई म्हणाल्या.

मशीन सुरू होताना मी शिफ्ट दाबून धरलं. काळ्या पडद्यावर यादी आली. तिच्यातून जुना गाभा निवडला आणि पडदा आपोआप नीट झाला. आमचा अंदाज बरोबर होता. पण दर वेळी असं करणं म्हणजे लंगड्याला रोज खांद्यावर घेणं, असं बाईंचं मत. म्हणून मशीन पुन्हा नव्या गाभ्यावर आणलं आणि कंपनीचा ड्रायव्हर काढून लिनक्सचा स्वतःचा चालू करायचं ठरलं.

मी टर्मिनल, म्हणजे मशीनला हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं. त्या सांगत होत्या, मी एकेक अक्षर वहीत लिहून मग टाइप करत होते. पासवर्ड मागितला. मी टाइप केला, पण पडद्यावर काहीच उमटेना. "कीबोर्ड गेला. मीठच गेलं असणार," मी म्हटलं.

"नाय गेला. पासवर्ड ते दाखवत नसतंय. लाजू नका, दाबा एंटर."

पुढे इंग्रजीत ओळीमागून ओळी धावू लागल्या. मी वाचून अर्थ सांगायचे, त्या मान हलवायच्या. एका ठिकाणी मी वाचलं की सतरा गोष्टी काढून टाकणार, चालेल का? माझा हात थांबला.

"त्यात डेस्कटॉप हा शब्द हाय का बघा. असंल तर समोरचं सगळंच जाईल."

मी सतराच्या सतरा नावं बोट ठेवून वाचली. "नाही."

"मग व्हय म्हणा."

मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडदा काळा पडला. काळाच राहिला. मी हंड्यातल्या पाण्याकडे बघत बसले. आणि मग एकदम सगळं आलं, बारीक, रेखीव, कडेपर्यंत. अक्षरं पुन्हा मुंग्यांएवढी. मी चष्मा शोधला.

रविवारी थोरली दिसली. गाल नव्हते. गळ्याजवळची हाडं दिसत होती. तिनं आधीसारखंच ताट उभं धरलं. नऊ बाय नऊ.

मी हसत हसत तिच्याशी बोलले आणि मग तिच्या आईला म्हटलं, "तिकीट काढ. येते."

तिनं विचारलं, "आणि पाणी?"

"मी भरीन," आजोबा मागून म्हणाले. "गच्चीवर जायला एक माणूस ठेवू. तुझ्या आईनं इतकं लिहून ठेवलंय की विहीरसुद्धा खणता येईल."

मी त्यांना पाण्याची वही समजावली, कॉम्प्युटरची वही समजावली आणि अपडेटच्या पानावर लाल शाईनं लिहिलं: माझ्या परवानगीशिवाय नाही.

विमानतळावर थोरली धावत आली, तेव्हा मी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाईंनी सांगितलं होतं तसंच, हाडं लागली.

मग वरण-भात, थालीपीठ, मेथीची भाजी, आणि मुख्य म्हणजे शेजारी बसून गोष्ट. गोष्टीच्या नादात घास जायचा. धाकटे महाराजही तोंड उघडून बसायचे. तिसऱ्या महिन्यात मला वाटू लागलं की पोर भरली आहे. पण माझ्या वाटण्यावर माझाच आता विश्वास नव्हता.

एका रविवारी आजोबा पडद्यावर आले आणि बघताच म्हणाले, "अरे वा, पोरीनं चांगलंच अंग धरलं!"

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही अपडेट तर नाही ना केलंत?"

"विचारतं मशीन अधूनमधून."

"मग काय म्हणता त्याला?"

"बायकोला विचारतो म्हणतो."

माझा भरवसा बसेना. मी थोरलीच्या हातात ते ताट दिलं. तिनं ते कॅमेऱ्यासमोर उभं धरलं, वरून फक्त तिचे डोळे दिसत होते. "फूटपट्टी घ्या," मी म्हटलं, "आणि मोजून सांगा."

तिकडे खुर्ची सरकली, खण उघडला, चष्मा शोधला गेला. मग त्यांचं मोठं डोकं पडद्याजवळ आलं.

"आडवं नऊ," ते म्हणाले. थोरली श्वास रोखून उभी होती. "उभं... नऊ."