पिवळी झाक

मामाचं अख्खं आयुष्य माणसांच्या चेहऱ्यांना माणसांचा रंग परत देण्यात गेलं. आधी दुसऱ्याच्या फोटो स्टुडिओत आणि मग घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचा लॅपटॉप मांडून. ट्यूबलाइटखाली हिरवट आलेला चेहरा असो की लाल पडद्यामुळे तांबूस झालेला, तो दहा मिनिटांत माणसात आणायचा. मामी म्हणायची, याला टोमॅटो आणायला पाठवू नका, भाजीवाल्याच्या ताडपत्रीची झाक मनातल्या मनात वजा केल्याशिवाय हा एकही टोमॅटो उचलत नाही.

मी त्याची भाची. ही हकिगत त्यानेच मला सांगितली, तीही बऱ्याच महिन्यांनी.

त्या वर्षी एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे अल्बम परत आणून दिला. सगळे चेहरे थंडीत गारठल्यासारखे निळसर छापून आले होते. मामाच्या स्क्रीनवर तेच फोटो अगदी ठीक दिसत होते. म्हणजे स्क्रीन पिवळं दाखवत होती आणि ते पिवळं मारायला त्याने निळं वाढवलं होतं. किंवा स्क्रीन ठीक होती आणि डोळेच पिवळं बघत होते. थोरल्या मामाचं साठीला असंच झालं होतं, मोतीबिंदू पिकला तेव्हा पांढरा सदराही त्याला मळका दिसायचा. डोळे गेले तर करायचं काय, हाच विचार मामाच्या डोक्यात घोळायचा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो गेला नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही.

तेवढ्यात माझी मामेबहीण बाळंत होऊन घरी आली. मुलगी झाली होती. जावई जहाजावर नोकरीला, त्याने लेकीला अजून पाहिलंही नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी मामाने नातीला पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी घेऊन तिचे फोटो काढले. खोलीच्या भिंती पिवळ्या, पडदेही पिवळे, म्हणून सवयीप्रमाणे त्याने राखाडी कार्ड मामेबहिणीच्या हातात देऊन बाळाच्या गालाशी धरायला लावलं. त्या कार्डाला स्वतःचा रंग नसतो. ते फोटोत पिवळट आलं तर समजायचं की उजेडच पिवळा होता.

त्याने लॅपटॉपवर फोटो उघडला. बाळ हळदीसारखं पिवळं. कार्ड पिवळट, बहिणीचा हातही पिवळट. खिडकीशी सकाळच्या उजेडात कार्ड इतकं पिवळं यायला नको होतं. त्याला वाटलं, संपलं, आपले डोळेच गेले.

तरी त्याने एकेक गोष्ट तपासायला घेतली. स्क्रीन कोरड्या फडक्याने पुसली, रंग स्थिरावावेत म्हणून तापायला अर्धा तास दिला. संध्याकाळी आपोआप रंग ऊबदार करणारी सोय बंद केली, उजेडाप्रमाणे कमीजास्त होणारी चमकही बंद केली. पडदे बाजूला सारून पिवळ्या भिंतीसमोर काळी चादर टांगली. मग रंग मोजणारा छोटा सेन्सर स्क्रीनवर लटकवून नवं प्रोफाइल बनवलं. स्क्रीनने रंग कसे दाखवायचे याचा तो हिशेब. यंत्र म्हणालं, सगळं बरोबर. मामाला मात्र पांढरं पुन्हा पिवळटच दिसलं. त्याने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. काहीच फरक नाही.

शेवटी त्याने मामीला हाक मारली. कोरा कागद स्क्रीनशेजारी धरला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "यातलं जास्त पांढरं कुठलं?"

"कागद," मामी म्हणाली. "स्क्रीन पिवळी आहे, चहा सांडल्यासारखी. एवढंच विचारायला बोलावलंत?"

मामाच्या जिवात जीव आला. डोळे शाबूत होते. मग दोष शोधायला वेळ लागला नाही. एक जुना प्रोग्रॅम स्वतःचं जुनंपुराणं प्रोफाइल दर वेळी नव्यावर चढवत होता. अल्बमचा घोळही त्यानेच घातला होता. मामाने तो प्रोग्रॅम काढून टाकला, पुन्हा मोजणी केली. आता स्क्रीन कागदासारखी पांढरी होती.

खुशीत त्याने नातीचा फोटो पुन्हा उघडला. बहिणीचा हात हातासारखा दिसत होता. कार्ड राखाडी होतं. बाळ पिवळंच होतं.

त्याने कार्डावर टिचकी मारून लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे वाचले. तिन्ही जवळपास सारखे. बाळाच्या कपाळावर निळा आकडा पार तळाला गेलेला, म्हणजे पिवळेपणा बाळाचाच. भिंतीचा रंग उतरला असता तर गालाशी धरलेल्या कार्डावरही उतरला असता. त्याने आकडे तीनदा वाचले. ते चुकावेत असं आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं.

तो आतल्या खोलीत गेला. बाळ झोपलं होतं. त्याने तिच्या नाकावर बोट हलकेच दाबून उचललं. दाबलेल्या जागी कातडी पांढरट व्हायला हवी होती, ती पिवळी होती.

"दूध कधी प्यायली?"

"पहाटे. नंतर उठवलं तरी उठतच नाही," बहीण म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. चल, डॉक्टरांना दाखवून येऊ." तो चपला घालायला लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी फोटोकडे बघितलंही नाही. कावीळ फोटोवरून ठरत नाही, म्हणाल्या, आणि बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. अहवाल आला तेव्हा त्यांनी मामाला बाजूला घेतलं. "काविळीचं प्रमाण बरंच वाढलंय. आणखी वाढलं तर मेंदूला धोका असतो. आज आणलंत म्हणून हे तुम्हाला शांतपणे सांगता येतंय."

काविळीवर उपचार म्हणून बाळाचे डोळे पट्टीने झाकून तिला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. त्या उजेडात सगळं निळं. बाळ निळं, चादर निळी, परिचारिकेचे हातसुद्धा. मी भेटायला गेले तेव्हा मामा काचेला कपाळ टेकून उभा होता. म्हणाला, "इथे मला काहीच कळत नाही गं." चाळीस वर्षं रंग ओळखण्यावर जगलेला माणूस, कुणी चिठ्ठी आणून आकडा सांगेपर्यंत नुसता बसून राहायचा. बहीण त्याच्याकडे बघून रडायची, म्हणून तो तिच्यासमोर येणंही टाळायचा.

दुसऱ्या अहवालात प्रमाण तेवढंच होतं. तो दिवस सगळ्यांत वाईट गेला. कुणी जेवलं नाही. तिसऱ्यात थोडं उतरलं, चौथ्यात चांगलंच. त्या दुपारी बाळ भुकेने असं टाहो फोडून रडलं की मामी तिथल्या बाकावर मटकन बसली आणि हसायला लागली.

तीन दिवसांनी सगळे घरी आले. पुढचे दोन आठवडे मामा रोज सकाळी नातीला पांढऱ्या चादरीवर, उघड्या खिडकीशी ठेवून निरखायचा. बहीण म्हणायची, बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, आता पुरे. तो हो म्हणायचा आणि बोट पुन्हा तिच्या नाकाकडे न्यायचा.