न्यूट्रलला ठेवलेली गाडी

आमच्या सोसायटीत गाडी लावायची एक रीत आहे. आवार लहान आणि गाड्या जास्त, म्हणून एकीच्या पुढे एक अशा लावाव्या लागतात. गेटकडच्या बाजूला ज्याची गाडी असेल, त्याने ती न्यूट्रलला ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा नाही. आतल्याला निघायचं असलं की तो पुढची गाडी हाताने ढकलून बाजूला करतो, आपली काढतो आणि जातो. कुणाला झोपेतून उठवावं लागत नाही. भांडुपला टेकडीच्या बाजूच्या या इमारतीत मी राहायला आलो तेव्हा मला या रीतीचं फार कौतुक वाटलं होतं. आमच्या गावात शेजारी सायकलसुद्धा कुलूप लावून ठेवत.

मग मी गाडी घेतली. जुनीच, पण आमच्या घराण्यातली पहिली. तिला हँडब्रेकचा दांडा नव्हता, बटण होतं. इंजीन बंद केलं की मागची चाकं ती आपोआप जखडून घ्यायची. मी रीत म्हणून न्यूट्रलला ठेवत असे, पण कुणी कितीही ढकललं तरी ती हलत नसे. तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज सकाळी इंटरकॉमवर म्हणत, "साहेब, तुमची म्हैस उठवा. आमच्या हाताला दाद देत नाही."

मला स्वतःला त्या बटणाची भीती वाटायची. मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत दांडा ओढला की करकर आवाज यायचा आणि ब्रेक लागल्याचं हाताला कळायचं. इथे बटण दाबायचं, मागून बारीकसा घरघर आवाज ऐकायचा आणि लाल दिव्यावर विश्वास ठेवायचा. आमच्या गेटपासून थेट खालच्या रस्त्यापर्यंत उतार आहे. त्या उतारावर थांबलो की दिवा लागलेला असतानाही माझा पाय खालच्या ब्रेकवरून निघत नसे.

मागचे ब्रेक किंचाळायला लागले तेव्हा आई आमच्याकडे आलेली होती. तिचे गुडघे दुखत होते आणि सोमवारी मी तिला मुलुंडला डॉक्टरकडे नेणार होतो. शाळेच्या चुलीवर मुलांची खिचडी शिजवून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. गुडघे त्या धुरात आणि त्या उकिडव्या बसण्यातच गेले असणार. तिला त्या उतारावरून किंचाळत्या ब्रेकांवर न्यायचं, या विचाराने मला आठवडाभर नीट जेवण गेलं नाही.

बायकोचा भाऊ घाटकोपरच्या एका गॅरेजमध्ये कामाला आहे. रविवारी सकाळी तो गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं मशीन आणि नवे ब्रेक पॅड घेऊन आला. सेक्रेटरींनी "तेल सांडायचं नाही" एवढ्या अटीवर परवानगी दिली. गाडी उभी होती तेवढ्यापुरतं आवार सपाट आहे, गेटच्या थोडं अलीकडून उतरतं. गाडीचं तोंड गेटकडे होतं. मी बागेच्या कडेचे दोन मोठे दगड आणून पुढच्या चाकांपुढे लावले.

आई गेटजवळ, सोनमोहराच्या सावलीत, वॉचमनच्या खुर्चीवर मेथी निवडत बसली होती. जिने चढायचे नकोत म्हणून ती सकाळी उतरली की दुपारीच वर यायची. तिथूनच म्हणाली, "बैलगाडीच्या चाकाला लावतात तशी उटी लावलीस की."

"दाजी घाबरतात मावशी," मेव्हणा म्हणाला. "दोन कशाला, चारही चाकांना लावा. म्हैस पळाली म्हणजे?"

त्याने स्टेअरिंगखाली मशीनची वायर जोडली. मागच्या चाकांतून घरघर आली. ब्रेक दाबणारी मोटर मागे सरकल्याचा तो आवाज होता. मोटर आधी मशीनने मागे घ्यायची असते, जोर लावून ढकलली तर आतले दाते मोडतात, असं त्याने सांगितलं.

"आता हिला हँडब्रेक नाही असं समजा. मी मशीनवरून परत चालू करेपर्यंत बटण दाबलंत तरी काही होणार नाही. आणि पायाचा ब्रेकसुद्धा पहिल्यांदा पोकळ जाईल. पंप करून भरावा लागतो."

"म्हणजे आत्ता काहीच ब्रेक नाही?"

"गियरमध्ये आहे ना?"

मी हो म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

एकेक चाक उतरवून त्याने जुने पॅड काढले. एका बाजूचा पॅड पत्र्याला टेकायला आला होता. नवे बसले, चाकं चढली, जॅक निघाला. उरलं होतं ते फक्त मशीनचं शेवटचं काम. तेवढ्यात बायकोने वरून हाक मारली, "दोघेही या रे, चहा गार होतोय." मेव्हणा म्हणाला, "हात धुऊन येऊ, मग पाच मिनिटांचं काम आहे." आम्ही वर गेलो.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आवारावर उघडते. मी बेसिनपाशी हातांचं ग्रीस काढत होतो. खाली काका किल्ली फिरवत आले. त्यांची गाडी माझ्या गाडीच्या मागे होती. त्यांनी दगड पाहिले, पायाने दोन्ही बाजूला सारले. बाहेरच्या पोरांनी टाकले असतील, असं त्यांना वाटलं, हे मला नंतर कळलं. मग मागे येऊन त्यांनी सवयीने, जवळजवळ गमतीने, डिकीला हात लावला.

गाडी हलली.

"अरे वा," काका खुशीत वॉचमनला म्हणाले, "उठली बघ म्हैस." आणि आणखी जोर लावला.

त्या क्षणी मला आठवलं की आदल्या रात्री मी गाडी न्यूट्रलला ठेवली होती. रीतीप्रमाणे. सकाळपासून तिला गियरमध्ये टाकायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ओरडायला वेळ नव्हता. खिडकीतून मला आईची पाठ दिसत होती, पांढरे केस, मांडीवर ताट. उतार तिच्या खुर्चीच्या अलीकडेच सुरू होतो. मी धावलो. आमच्या जिन्याला खिडक्या नाहीत. धावताना मला बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. काकांचं "अरे, अरे, थांब". वॉचमनच्या चपला. मग लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज. मग काहीच नाही. ते शेवटचे दोन जिने मी कसे उतरलो ते मला आठवत नाही. काय पाहावं लागेल हे माहीत असल्यासारखं मी डोळे खाली ठेवून बाहेर आलो, एवढं आठवतं.

वॉचमनने धावत येऊन गेट अर्धं ओढलेलं होतं. गाडीचं तोंड त्याच्यावर टेकलं होतं. काका आणि वॉचमन डिकीला लोंबकळल्यासारखे धरून होते, काकांच्या ओठांचा रंग उडाला होता. आईची खुर्ची गाडीच्या दारापासून हातभर होती.

आईने मान वर केली. मांडीवरची पानं सावरत म्हणाली, "इथवर गाडी कशाला आणलीस रे? आज नाही ना जायचं आपल्याला?"

माझ्या मागून आलेला मेव्हणा गाडीत शिरला, पेडल दाबत राहिला, शेवटी ब्रेक भरला. मग त्याने गाडी गियरमध्ये टाकली आणि मीच आणलेले दगड परत लावले. मशीनचं काम त्याने तिथेच केलं. घरघर झाली, लाल दिवा लागला. काका म्हणाले, "मला वाटलं, सुधारली शेवटी. माफ करा, साहेब." मी त्यांना जिन्याच्या पायरीवर बसवलं. चूक माझ्या सवयीची होती तितकीच त्यांच्या.

आईला मी काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी ती पिशवी घेऊन खाली आली, तर मी तिला आवारातल्या खांबामागे उभं केलं आणि एकटाच उतारावर गाडी घेऊन गेलो. अर्ध्यावर थांबलो, बटण दाबलं, पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. वर आलो आणि तेच पुन्हा केलं. तिसऱ्यांदा वर आलो तर आई खांबामागून निघून गेटच्या मधोमध येऊन उभी होती, कपाळावर हात धरून बघत. मी लांबच गाडी थांबवली.

"बाजूला हो ना, आई."

"अरे, नंबर जाईल माझा. किती वेळा वर-खाली करशील?"

"तू बाजूला हो आधी."

ती पुटपुटत गेटच्या कडेला झाली. मी गाडी हळूहळू तिच्यापाशी नेली, बटण दाबलं, दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला होता. तरी उतरून तिच्यासाठी दार उघडायच्या आधी मी एक दगड शोधला आणि चाकाखाली सारला.