टॅगवर मेलेला नवरा

गोधड्या शिवणाऱ्या सुनंदाबाईंना परतवाड्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा तिचे वडील गुलाबराव माझ्यासमोर बसून बशीतून चहा पीत होते. फोन स्पीकरवर होता. पोरगी हुंदके देत आईला विचारत होती, "बाबा कवा गेले? मले काहून कळवलं नाही?"

गुलाबरावांनी बशी खाली ठेवली. आपण इथं चांदूर रेल्वे गावातच आहोत आणि आत्ताच बाजारात पालक विकून आलो, असं त्यांनी तिला सांगितलं. त्यावर पोरगी आणखीच रडली.

तिच्या नणंदेनं तिला मोबाइलवर मुंबईच्या एका दुकानाची जाहिरात दाखवली होती. गोधडी आमची. तिच्या हँगटॅगवर, म्हणजे मालाला दोऱ्यानं बांधतात त्या चिठ्ठीवर, सुनंदाबाईंचा फोटो. खाली लिहिलेलं: 'विदर्भातली एकाकी विधवा सुनंदा टाक्याटाक्यात आपलं दुःख शिवते.' सासरची माणसं भेटायला यायच्या तयारीला लागली होती.

माझा धंदा छोटा आहे. मी अमरावतीत राहते, चांदूरच्या बायकांकडून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून घेते आणि शहरांतल्या दुकानांना पुरवते. अख्ख्या हिवाळ्याचं काम या एकाच बायरवर, म्हणजे घाऊक माल घेणाऱ्या दुकानावर, अवलंबून होतं. तरी माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

फोटो त्यांच्याच फोटोग्राफरनं काढला होता. शिवताना दोरा बांगड्यांत अडकतो, म्हणून आमच्या बायका बांगड्या वर सरकवून त्यांच्यावर चिंधी गुंडाळतात. मंगळसूत्र पाठीवर टाकतात. घामानं टिकली निघते, म्हणून सुनंदाबाई ती दोऱ्याच्या रिळाला चिकटवून ठेवतात आणि उठताना परत लावतात. एवढ्यावरून त्या शहाण्यांनी बाईला विधवा करून टाकलं. तिला एका शब्दानं विचारावं असं कोणाला वाटलं नाही. आणि त्या दिवशी कॅमेरावाल्याला भाजीची पिशवी भरून दिली होती ती गुलाबरावांनीच.

मी दुकानाच्या ब्रँड मॅनेजरला व्हिडिओ कॉल लावला. तिचा आवाज मोठा गोड. लोकांना स्टोरी फार आवडतेय, म्हणाली. टॅग छापून झालेत, या लॉटपुरतं राहू द्या, पुढच्या वेळी बघू. मी म्हटलं, अहो, माणूस जिवंत आहे. तेवढ्यात गुलाबरावांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"मॅडम, मी मेलो कवा, ते तं सांगा."

ती म्हणाली, "काका, ते फक्त सिम्बॉलिक आहे." आणि मला म्हणाली, "तुमच्या ग्रुपमध्ये खरीखुरी विधवा असेलच ना कोणी? तिचा फोटो पाठवा, आपण टॅग करेक्ट करून टाकू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कमलाबाई गोधडीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर टाके घालत होत्या. त्यांचे मालक खरोखरच गेलेले आहेत. सुई गोधडीत खोचून त्या फोनसमोर आल्या.

"मी आहो विधवा. गोधडी विकाले ठेवली, बाई. मालकाचं मरण नाही ठेवलं."

मी फोन बंद केला आणि बायकांना सरळ सांगितलं की माल परत मागवला तर हिवाळ्याचं काम जाईल. सगळ्या सुनंदाबाईंकडे बघू लागल्या.

"माही गोधडी पांघरून कोणी माहीच कीव करून राहिलं, हे मले नाही चालत," त्या म्हणाल्या. "वापस बोलवा."

माल परत आला. जाहिरात काढली गेली, माफी कोणी मागितली नाही. परतवाड्याची माणसं यायची ती आलीच, गुलाबरावांना बघून, पोटभर जेवून गेली.

हिवाळ्यात आम्ही अकोल्याला, जुन्या शहरात, स्वतःच स्टॉल लावला. नव्या टॅगवर शिवणारीचं नाव, गाव आणि गोधडी धुवायची कशी, एवढंच. विक्री रडतखडत झाली. काही गोधड्या अजून माझ्या कपाटात पडून आहेत. एका बाईंनी गोधडीवरून हात फिरवत मला विचारलं, शिवणारी फार गरजू आहे का हो? सुनंदाबाई मागेच शिवत बसल्या होत्या, टिकली रिळावर.

"तुमाले थंडी वाजते का?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, वाजते की.

"मंग घ्या."

तेव्हापासून नवा बायर आला की मी पहिला प्रश्न तोच विचारते. तुमच्या गिऱ्हाइकाला थंडी वाजते का? नुसती दया येत असेल, तर माझ्याकडे माल नाही.