मेमरीचं कपाट आणि रिटायर झालेली सकाळपाळी

गिरणीच्या कॉम्प्युटर रूममधले आम्ही कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगती उठतात तरी आमचं 'त्या कपाटा'चं बोलणं संपत नाही! सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला मेमरी पुरेना, म्हणून दुसऱ्याच कंपनीचं, जादा मेमरीचं कपाटाएवढं यंत्र सोलापुरात आणलं. तिथून सगळी सुरुवात.

*

कपाट दारातून जाईना. भिंत फोडली. आत ठेवल्यावर आमचे इंजिनियर रावसाहेब केबल जोडायला गेले आणि केबल हातात घेऊन तसेच परत आले. केबललाही पिना, कपाटालाही पिना! भोकं कुठंच नाहीत!

आमचा इलेक्ट्रिशियन बसप्पा कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा. तो म्हणाला, "अय्यो! दोन्हीकडनं नवरेच आले की हो!"

*

मधे भोकांचा जोड बसवून कपाट कसंबसं चालू केलं, तर मे महिन्यात दुपार झाली की ते बंद पडायचं. थंड देशातलं ते, सोलापूरचं ऊन सोसेना. एकदा जेवून येतो तर कपाटावर ओलं गोणपाट! खाली पाणी, आत करंट चालू, आणि शेजारी बसप्पा पंख्यानं वारा घालतोय!

रावसाहेब दोन पावलं मागं सरकले.

"माठाला गुंडाळतो तसं केलंय की साहेब. लई गार झालंय, हात लावून बघा!"

कुणीही हात लावला नाही.

*

कपाट आणि कॉम्प्युटर यांचं जमेना ते जमेनाच. एका वायरीच्या घोळानं एकदा हजेरीतला प्रत्येक 'पी' छापताना 'आर' झाला. पी म्हणजे प्रेझेंट. आर म्हणजे रिटायर्ड! आणि तो कागद तसाच गेटवर लागला. अख्खी सकाळपाळी रिटायर!

"आरं, माजं अजून लगीन न्हाय, आन् रिटायर कसा?" एक जण ओरडत होता. मॅनेजरसाहेब स्टुलावर चढून विनवत होते, "मशीन चुकलंय! कामावर जा!"

सगळे गेले. एक सोडून.

*

दगडूमामा विणकर. कागद वाचून घेतला, डबा उचलला आणि एसटीनं थेट करमाळ्याजवळचं आपलं गाव गाठलं! आठवड्यानं बसप्पा आणि मी त्यांना आणायला गेलो. मामा बाभळीखाली शेरडं राखत बसले होते.

"मामा, मशीनची चूक झाली. तुम्ही रिटायर नाही. चला!"

मामांचा चेहरा पार उतरला.

"इतक्या वर्सांत त्या गिरणीत एकट्या मशीनला कळलं, म्हातारा दमलाय म्हणून. आन् तुमी म्हणताय, ते चुकलं?"