बादलीतले बुडबुडे

नात मुक्ताने घरीच बिअर करायला घेतली आहे. बार्लीचं पाणी उकळून, गार करून तिने त्यात यीस्ट घातलं आणि झाकणबंद बादली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली. झाकणावरच्या नळीतून मधूनच एक बुडबुडा येतो. "आजी, पंधरा दिवस हात लावायचा नाही हं," असं बजावून ती ऑफिसला गेली.

तिला काय ठाऊक, मी एकदा लावला आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी पलंगाखाली चिनी मातीच्या बरणीत हाच उद्योग मांडला होता. आंबूस वास आला, फेस दिसला, आणि आमच्या नव्या सुगरणबाईंनी नासलं म्हणून सगळं मोरीत ओतलं. वर बरणी राखेने घासून तिच्यात लिंबाचं लोणचं घातलं. स्वतःवर काय खूश होती ती बया.

संध्याकाळी ह्यांनी बरणी उघडली. "लोणचं छान मुरेल," एवढंच म्हणाले. पुढे चाळीस वर्षं माझं लोणचं खाल्लं, पण स्वतःच्या हौसेचं काही पुन्हा केलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

बुडबुडा आला की वाटतं, पलंगाखाली कुणीतरी अजून हळूच श्वास घेतंय. खुर्ची ओढून मी बादलीशेजारी बसले आहे, सिंककडे पाठ करून.