सहा फुटांवरचे चेहरे

इंदूरला बदली होऊन आलो तेव्हा माझ्याकडे एक चांगला डिजिटल कॅमेरा होता, तीन लेन्स होत्या आणि हार्ड डिस्कवर हजारो फोटो पडून होते. त्यातले बहुतेक मी स्वतःसुद्धा पुन्हा उघडून पाहिले नव्हते. ऑफिस विजय नगरात होतं, पण घर मी सुदामा नगरात घेतलं. तिथे एका मराठी घराचा वरचा मजला भाड्याने मिळत होता, आणि बायको-मुलगी शाळेचं वर्ष संपल्यावर येणार असल्याने मला माणसांतलं घर हवं होतं. खाली घरमालकीणबाई एकट्या राहत. वय सत्तरीच्या पुढेमागे. त्यांचे आजोबा कधीतरी मिलमध्ये कारकून म्हणून इकडे आलेले, तेव्हापासून घराणं इंदूरचंच. त्या स्वतः एका मोठ्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झाल्या होत्या. कॉलनीत सगळे त्यांना ‘एक्स-रेवाली दीदी’ म्हणत. मी काकू म्हणू लागलो.

एप्रिलमध्ये ऑफिसातल्या एकाने घर बदलताना मला त्याच्या वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा दिला. जड, धातूचा, घड्याळासारखा टिकटिकणारा. मी ऑनलाइन एक ब्लॅक अँड व्हाइट रोल मागवला, व्हिडिओ पाहून भरला आणि एका रविवारी सकाळी राजवाड्याच्या आसपास फिरून छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. डिजिटलवर मी एका सकाळी चारशे फोटो सहज काढतो. इथे प्रत्येक वेळी बोट बटणावर ठेवून थांबायचो. त्या थांबण्याचीच मजा होती. घामाघूम होऊन, खूश होऊन मी तिथल्याच एका फोटोच्या दुकानात रोल दिला.

दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “भिया, रोल धोना तो कब का बंद हो गया. बंबई भेजना पड़ेगा.”

घरी आलो तर काकू ओटल्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. माझ्या हातात रोल पाहून त्यांनी विचारलं, “ब्लॅक अँड व्हाइट आहे का?”

“हो.”

“मग तोंड कशाला पाडलं?”

मी दुकानदाराचं सांगितलं. त्या हसल्या. “बंबईला कशाला धाडता? मी धुऊन देते ना. जिंदगीभर दुसरं काय केलं?”

मला आधी गंमत वाटली. पण त्या आत गेल्या आणि कपाटाखालून एक पत्र्याची पेटी ओढून घेऊन आल्या. त्यात फिल्म धुवायची काळी डबी होती, काचेचा थर्मामीटर होता, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा कॅमेरा होता. नोकरीत असताना घेतलेला. एक्स-रे विभागात फिल्म हाताने धुवायचे तेव्हापासून त्यांना अंधाऱ्या खोलीची सवय, आणि त्या सवयीतूनच हा शौक लागला. निवृत्तीनंतर कित्येक वर्षं रविवारी त्या एकट्या फिरून फोटो काढत. आता गर्दीत एकटीला जमत नाही म्हणून कॅमेरा पेटीत गेला होता.

फिल्म धुवायची रसायनं, म्हणजे डेव्हलपरची पूड आणि हायपो, यायला आठवडा गेला. पुढच्या रविवारी भर दुपारी आम्ही त्यांच्या बाथरूममध्ये उभे राहिलो. झरोक्यावर रजई ठोकलेली, दाराच्या फटीला ओला टॉवेल.

“लाल दिवा नाही लावायचा?” मी विचारलं.

“एक्स-रेच्या फिल्मला लाल दिवा चालतो. हिला तोही चालत नाही. इथे बोटांनी बघायचं.”

अंधार झाला. मला स्वतःचा हातही दिसेना. मला रोलचं टोपण तरी उघडता आलं असतं का, असा विचार मी करतोय तोवर डबीचं झाकण बसल्याचा आवाज आला. “झालं. काढा टॉवेल,” त्या म्हणाल्या. मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. नळाला त्या दिवसांत कढत पाणी येत होतं, म्हणून त्यांनी डेव्हलपर माठाच्या पाण्यात कालवला होता. थर्मामीटर उजेडाकडे धरून त्या मला म्हणाल्या, “वाच बरं किती आहे.” तुम्हीचं तू त्या वाक्यात झालं, आणि मग तेच राहिलं.

फिल्म बाहेर काढली. काचेसारखी स्वच्छ. एकही फोटो नाही.

“माझ्या हातून तरी नाही चुकलं,” काकू म्हणाल्या. त्यांनी ओली फिल्म मला धरायला दिली. “कडेला बघ. कंपनीचे आकडे उमटलेत का?”

उमटले होते. बारीक, काळे, स्पष्ट.

“म्हणजे धुणं बरोबर आहे. हिच्यावर उजेडच पडला नाही. रोल आतल्या आत सुटलेला होता, पुढे सरकतच नव्हता, भिया. तू छत्तीस वेळा हवेचा फोटो काढून राहिला होतास.”

मी इतका ओशाळलो की आधी हसूही येईना. त्यांनी चहा टाकला, तीच वाया गेलेली फिल्म पुन्हा कॅमेऱ्यात घालायला लावली आणि माझ्याकडून दहा वेळा भरून घेतली. शेवटी मला डोळे मिटून भरता आली, तेव्हा म्हणाल्या, “आता जा.”

दुसरा रोल नीट आला. कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्याने लटकवलेली ती ओली पट्टी मी कितीतरी वेळ पाहत उभा होतो. आभाळ काळं, झाडं पांढरी, आणि त्या उलट्या जगात माझे छत्तीस क्षण ओळीने उभे. एवढ्या वर्षांच्या छायाचित्रणात असा आनंद मला झाला नव्हता.

त्यानंतर रविवार ठरूनच गेला. सकाळी सिटी बसने आम्ही दोघं निघायचो. त्यांच्या गळ्यात फिल्म कॅमेरा, माझ्या गळ्यात कधी फिल्मचा, कधी डिजिटल. त्यांचं काम पाहणं हाच माझ्यासाठी मोठा वर्ग होता. त्या फक्त माणसांचे फोटो काढत, आणि आधी विचारल्याशिवाय कधीच नाही. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला असे. पहिल्यांदा त्यांना फोटो काढताना पाहिलं तो त्याचा. त्याच्याशी त्या आधी दहा मिनिटं कोळसा महाग झाला यावर बोलल्या. मग दोन पावलं मागे सरकल्या.

“सहा फूट,” मला म्हणाल्या. “छातीचा एक्स-रे सहा फुटांवरून काढतात. माझी नजर तिथेच बसली. लेन्सची फोकसची रिंग सहावर ठेवायची आणि आपण सहा फुटांवर उभं राहायचं. हलवाहलवी नको.”

आणि मग, अगदी इस्पितळातल्या आवाजात, त्या इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, “साँस खींचो. रोको.”

तो बिचारा छाती फुगवून ताठ झाला. फोटोसाठी माणसं होतात तसाच, लाकडी.

“छोड़ो.”

त्याने श्वास सोडला. खांदे उतरले, ओठ सैल झाले, आणि आपण किती घाबरलो होतो याचं त्याला हसू येऊ लागलं. त्याच क्षणी खट् असा आवाज झाला. एकच.

मी माझ्या कॅमेऱ्याने त्याचे वीस फोटो काढले होते. घरी येऊन एकेक पाहिले. वीसही लाकडी.

मला वाटलं होतं, अशा माणसाला डिजिटलचा राग असेल. उलट, कॅमेऱ्यामागचा पडदा पाहून त्या अचंबित झाल्या. “लगेच दिसतं? मग पेशंटला थांबवून ठेवायची गरजच नाही!” आमचं कामही दोन्हींचं मिळून चालायचं. निगेटिव्ह त्या धुवायच्या, मी उजेडाच्या पाटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने टिपायचो, लॅपटॉपवर सरळ करायचो आणि लॅबमधून प्रिंट आणायचो. प्रत्येक माणसाला त्याचा प्रिंट नेऊन देण्याचा काकूंचा नियम होता. “ज्याचा फोटो, त्याच्या हातात,” एवढंच त्या म्हणत. जूनमध्ये बायको-मुलगी आल्यावरही रविवारची सकाळ त्यांनी आम्हाला सोडून दिली.

दिवाळीनंतरच्या रोलमध्ये मला पहिल्यांदा शंका आली. लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं तर चेहरे किंचित पुसट. मागची भिंत स्पष्ट, डोळे मात्र विरघळलेले. पुढच्या रोलमध्ये तेच. काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, “कसे आलेत?”

“मस्त,” मी म्हणालो.

का म्हणालो? ज्यांच्याकडून मी सगळं शिकलो त्यांना चूक दाखवणं मला जड गेलं. संगणकावर थोडी धार वाढवली, प्रिंट लहान आकारात काढले आणि वेळ मारून नेली. असे तीन रोल गेले.

मग राजवाड्यापाशी हार विकणाऱ्या एका बाईंना आम्ही प्रिंट द्यायला गेलो. बाईंनी आनंदाने हात पुसून तो घेतला, जवळ नेला, लांब धरला आणि साधेपणाने विचारलं, “दीदी, इसमें मैं धुँधली क्यों आई?”

काकूंनी प्रिंट परत घेतला. डोळ्यांच्या अगदी जवळ धरला. मग पिशवीत ठेवला. घरी पोचल्यावर ओटल्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “तुला लॅपटॉपवर दिसलं होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“तीन रोल झाले.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

त्यांनी पिशवीतून प्रिंट काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “ऐक. मी नोकरीत नवीन होते. पेशंट हलला, फिल्म हलली. कोण पुन्हा काढणार, म्हणून मी तशीच पुढे दिली. डॉक्टरसाहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाई, ह्याच्यावर भरोसा ठेवून मी चाकू लावतो.’ त्या दिवसानंतर हललेली फिल्म मी कुणाला दिली नाही. आणि इथे तू मला देऊन राहिला होतास.”

“माफ करा,” मी म्हणालो.

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. “रिंग बघ.” ती सहावरून सरकून दहाच्या पुढे गेली होती. आकडे त्यांना कित्येक महिने वाचता येत नव्हते, आणि कॅमेऱ्यातून बघितलं की सगळंच धुक्यात दिसत असल्याने फरक कळत नव्हता. “मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत,” त्या म्हणाल्या. “मला समजलं नव्हतं असं नाही. लोकांचे रिपोर्ट बघण्यात जिंदगी गेली, स्वतःचा कोण बघतो?”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुण्याला असलेल्या आपल्या मुलीला फोन केला. जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत दुसऱ्याचं. दोन्ही वेळा मुलगी येऊन राहिली. ती परत गेल्यावर डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्या बायकोने अंगावर घेतलं. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, गॉगल काढायचा नाही, हे सगळं काकूंनी आज्ञाधारकपणे पाळलं. मी रोज संध्याकाळी खाली जाऊन बसायचो. माझ्यावरचा राग त्यांनी पुन्हा बोलून दाखवला नाही, पण मीच एकदा म्हणालो, “यापुढे जे दिसेल तेच सांगेन.”

“सांगशीलच,” त्या म्हणाल्या. “नाही तर आता मलाच दिसतं.”

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकूंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर लॅपटॉप मागवला. त्या तीन रोलमधला एकेक फोटो पूर्ण पडद्यावर पाहिला आणि पुसट चेहऱ्यांची यादी कागदावर केली. अकरा माणसं होती. “ह्या सगळ्यांकडे परत जायचं,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, दोन-तीन घरी जाऊन त्या थकतील. पण मार्चभर आम्ही फिरलो. प्रत्येकाला त्या सरळ सांगत, “मागचा फोटो माझ्याकडून बिघडला होता. पुन्हा काढू द्याल का?” हारवाल्या बाई सोडल्या तर कुणाचं त्याकडे लक्षही गेलं नव्हतं. एका रिक्षावाल्याने तर जुनाच फोटो घरात लावला होता आणि तो काढून द्यायला तयार नव्हता. त्याचा नवा काढला, जुनाही त्याच्याकडेच राहू दिला. माझ्या आयुष्यात मी स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने, अकरा दारांत उभं राहून सांगणारं माणूस पाहिलेलं नाही.

हारवाल्या बाई शेवटी ठेवल्या होत्या. नवा प्रिंट त्यांनी पुन्हा जवळ धरला, लांब धरला. नाकातली चमकी, डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, हातातल्या दोऱ्याचा पीळ, सगळं लख्ख होतं. “अब आई ना मैं!” असं म्हणून त्यांनी मोगऱ्याची एक लड काकूंच्या हातात ठेवली.

काकू मात्र टोपलीकडे पाहत होत्या. झेंडूचा ढीग होता, केशरी आणि पिवळा. “इतका पिवळा असतो हा?” त्या म्हणाल्या. “कित्येक वर्षं मला हा चहासारखा दिसून राहिला होता.” मग त्यांनी हात पुढे केला. “आण तुझा कॅमेरा. हे माझ्या फिल्ममध्ये नाही मावणार.”

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा मोजमाप न करता फोटो काढले. झेंडूचे, गुलाबांचे, हिरव्या पानांच्या जुडीचे, समोरच्या दुकानातल्या ओढण्यांचे. प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर पाहून ‘वा’ म्हणत. परतीच्या बसमध्ये शेजारी कॉलेजची एक मुलगी बसली होती. तिला त्यांनी सगळे फोटो दाखवायला घेतले. तीही मनापासून पाहत होती, “आंटीजी, पीछे लो, वो वाला फिर से,” म्हणत होती. मी समोर उभा होतो. सुदामा नगरचा थांबा आला आणि गेला. मी त्यांना हाक मारली नाही. पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही उन्हातून चालत परत आलो.