परवाचं दुखणं, कोपराचं माप

"सीधे पाँव का अंगूठा ऊपर करो," सर्जनबाई म्हणाल्या. मी केला. म्हणजे मला वाटलं, केला. खाली पाहिलं तर अंगठा जागचा हलला नव्हता.

"फूट ड्रॉप," त्या म्हणाल्या. म्हणजे पाऊल घोट्यापासून वर उचलता न येणं. कमरेच्या मणक्यांमधली चकती सरकते, पायाकडे जाणारी नस दाबते, आणि नसेनं निरोप पोचवणं बंद केलं की पाऊल लोंबतं. पंधरा दिवस माझी चप्पल चालताना निसटत होती आणि मी चप्पल बदलत होते.

"दर्द कब से है?"

"संक्रांत से. चार महीने हुए."

त्यांनी आधीच्या डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे धरला. "मगर इसमें तो दो दिन लिखा है, अम्मा."

दोन दिवस! कागद फाडावासा वाटला. पण चूक कशी झाली ते मला तिथेच, त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

तीन आठवड्यांपूर्वी मी मलकपेठेतल्या एका दवाखान्यात गेले होते. डॉक्टर नवे, पुण्याहून आलेले. मी हरखून गेले. सगळा जन्म हैदराबादेत गेला, पण डॉक्टरला आपलं दुखणं मराठीत सांगायची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "डॉक्टर, परवापासून कंबर दुखतेय, पायात कळ जाते."

"परवापासूनच ना? मग घाबरू नका. गोळ्या घ्या, आराम करा."

आता बाहेरगावच्यांना सांगायला हवं. हैदराबादेत 'परसों' म्हणजे गेला आठवडा, गेला महिना, वेळ पडली तर लग्नाचा दिवससुद्धा. इथल्या आमच्या मराठीतही 'परवा' तसाच ऐसपैस झालाय. माझे मामा 'परवा' वारले, त्याला सात वर्षं झाली. पुण्याच्या माणसाचा परवा मात्र कालच्या आदल्या दिवशीच येतो. मी तेलुगू डॉक्टरकडे गेले असते तर मोजून 'थ्री मंथ्स' म्हणाले असते. आपला माणूस भेटला आणि घात झाला.

राग आला तो त्यांचा, की तारीख विचारली नाही, पायाला हातसुद्धा लावला नाही. त्याहून माझा. मी मेडिकल कोडिंग करते. परदेशातल्या डॉक्टरांचे कागद वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला क्रमांक लावायचा, हे माझं घरून चालणारं काम. दुखणं कधीपासून, हे कागदावर धड लिहिलेलं नसलं की मी त्या डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढे एम.आर.आय., रक्ताच्या तपासण्या, बाकड्यांवरचं ताटकळणं. चौथ्या दिवशी मायक्रोडिस्केक्टमी झाली, म्हणजे पाठीला छोटी चीर देऊन नसेवर बसलेला चकतीचा तुकडा काढला. सर्जनबाई स्पष्ट बोलल्या. "दर्द जाएगा. पाँव का मैं वादा नहीं कर सकती. नस को टाइम लगता."

दुखणं गेलं. पाऊल तसंच राहिलं. कंपनीनं सहा आठवडे दिले. त्यानंतर कामाला बसा, नाहीतर राजीनामा द्या. फिजिओथेरपिस्टनं सांगितलं की सलग अर्ध्या तासावर बसायचं नाही, तितकंच उभं राहायचं, पुन्हा बसायचं. बसताना दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, कोपर काटकोनात, खांदे सैल. पाऊल परत येणार असेल तर ते असंच. म्हणून बटण दाबलं की वर-खाली होणारं इलेक्ट्रिक टेबल घ्यायचं ठरलं.

माझे यजमान अविनाश यांनी हे काम अंगावर घेतलं. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि मला न विचारता मागवलं. आल्यावर त्यापुढे उभे राहून म्हणाले, "एकदम परफेक्ट!" असणारच. त्यांची उंची सहा फूट, माझी पाच. ते टेबल खाली येऊन येऊन बहात्तर सेंटीमीटरवर थांबलं. माझं बसल्यावरचं कोपर एकसष्टवर. खुर्ची उंच केली की पाय लोंबकळायचे, खाली केली की खांदे कानाला लागायचे.

"अगं, वजन एकशेवीस किलो उचलतं ते," ते म्हणाले.

"मी त्यावर बसणार आहे का?"

मी पाय ओढत स्वतः दिलसुखनगरला गेले. तिसऱ्या दुकानातल्या विक्रेत्यानंही तीच किलोंची आरती म्हटली. मी विचारलं, "सबसे नीचे कितना आता?" त्यानं डोकं खाजवलं. "वो तो कोई पूछते नै, मॅडम. पाँव के नीचे पीढा रख लेव, टेन्शन नक्को."

माझ्या बधिर पायाखालून पाट सरकला तर मला कळतसुद्धा नाही! मी त्याच्या दुकानात खुर्चीवर बसून, चप्पल काढून, पाऊल हातानं उचलून दाखवलं आणि सोडलं. ते फट्कन पडलं. मग तो टेप घेऊन एकेक टेबल स्वतः मोजत सुटला.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं करा. आधी खुर्चीवर तळवे टेकवून बसा, कोपर काटकोनात धरा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप दुसऱ्याकडून घ्या. उभं राहून पुन्हा घ्या. ही दोन मापं घेऊनच दुकानात शिरा. दोन टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे, पाय असलेली बरीच टेबलं पुरेशी खाली येत नाहीत. तीन टप्प्यांचे पाय मागा. दोन मोटरींचं घ्या, उभं राहिल्यावर डुगडुगत नाही. रंगाचं नंतर बघा. आणि डॉक्टरला तारीख सांगा, महिना सांगा. परवा म्हणू नका, हात जोडते.

माझं टेबल साठपर्यंत उतरतं. सहाव्या आठवड्याच्या सोमवारी मी कामाला बसले. नोकरी राहिली. अंगठा आता करंगळीच्या नखाएवढा वर येतो. सर्जनबाई म्हणाल्या, आणखी येईल, किंवा एवढाच राहील. त्या दिवशी रिक्षात मला संतापानं रडू आलं.

महिनाभरानं दुपारी पाहिलं तर सासूबाई माझ्या टेबलाशी उभ्या. कळफलक बाजूला, वर्तमानपत्र पसरलेलं, मेथी चिरणं चाललेलं. बटण दाबून टेबल त्यांनी आपल्या कोपराला आणून ठेवलं होतं. माझं डोकं तडकणार, तेवढ्यात त्या नवल वाटून म्हणाल्या, "अगं, खांदे दुखंनात की माझे! असं कसं गं?"

त्यांची उंचीही माझ्याएवढीच. काचीगुड्याच्या या घरातला स्वयंपाकाचा ओटा सासऱ्यांनी बांधून घेतला, तो गवंड्याच्या कमरेएवढा. चाळीस वर्षं त्यांचे खांदे दुखतायत, आणि आम्ही सगळे 'वय झालं' म्हणून तेल चोळत होतो. मीसुद्धा. मी टेप आणला आणि त्यांचं कोपर मोजलं. ओटा एक वीतभर जास्त उंच निघाला.

संध्याकाळी मी गवंड्याला फोन लावला. अविनाश हबकले. "ओटा फोडायचा? अगं, मग मला भांडी घासताना वाकावं लागेल!"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी मेथीची परात त्यांच्या हातात दिली.

"वाक की मग. मी चाळीस वर्षं टाचा उचलून उभी होते, तवा कुणी काय म्हणलं का?"